भाचीसाठी बायबलच्या गोष्टींचं पुस्तक निवडताना

नाताळ जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, लहान मुलांसाठी बायबलच्या गोष्टींचं चित्रांचं चांगलं पुस्तक कुठलं घ्यायचं. मग दोनचार लिंक येतात, खाली "हे मस्त आहे, आमच्याकडे खूप आवडलं" असं येतं आणि विषय संपतो, का मस्त आहे ते कुणी लिहीतच नाही. यंदा मलाच घ्यायचं होतं, भावाच्या मुलीसाठी, ती पाच वर्षांची होतेय आणि तिला गोष्टींचं वेड आहे. त्यामुळे दुकानात, ऑनलाइन, संडे स्कूलच्या कपाटात, ओळखीच्यांच्या घरी, जिथे मिळतील तिथे अशी पुस्तकं उघडून बघितली आणि आता माझं मत पक्कं झालंय. कव्हर बघू नका, "१०१ गोष्टी" की "३६५ गोष्टी" तेही बघू नका. शेजारी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ठेवा आणि बघा की गोष्ट शेवटपर्यंत सांगितलीय का, की मुलांना झेपणार नाही असं आपलं आपणच ठरवून मध्येच गोड करून सोडून दिलीय.

योनाचं पान आधी उघडा. माझं तर आता ठरलेलंच आहे, कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी योना. जवळपास सगळ्या पुस्तकांत तो देवापासून पळतो, वादळ येतं, त्याला समुद्रात टाकतात, मोठा मासा गिळतो, तीन दिवस तीन रात्रींनी मासा त्याला किनाऱ्यावर ओकून टाकतो, तो निनवेला जातो आणि लोक सुधारतात, झालं. पण योनाच्या पुस्तकाचे अध्याय चार आहेत आणि खरी गंमत चौथ्यात आहे. निनवेच्या लोकांना देवाने क्षमा केली म्हणून योना रागावून शहराबाहेर जाऊन बसतो, देव त्याच्यासाठी सावलीला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी कीड लागून तो वेल सुकतो, योना वेलीसाठी हळहळतो, तेव्हा देव विचारतो की तुला या वेलीची एवढी कळकळ, मग मला या शहराची नसावी का, जिथे उजवा हात कुठला डावा कुठला हे न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि गुरंढोरं पण पुष्कळ आहेत. पुस्तक तिथेच संपतं, प्रश्नावर. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. रुसून बसणं म्हणजे काय ते पाच वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि देवाला गुरांची पण काळजी आहे हे ऐकल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होतो, तेच पान कापलेलं असेल तर ती गोष्ट फक्त माशाची उरते.

हेच उधळ्या पुत्राचं. लूकच्या शुभवर्तमानात १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेला तो दाखला, म्हणजे बोधकथा, आहे, धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं चारायची वेळ येते, परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. लहान मुलांच्या पुस्तकांत इथे मोठं रंगीत मेजवानीचं चित्र येतं आणि गोष्ट संपते. थोरला भाऊ गायब! खरं तर दाखला पुढे आहे, थोरला शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो, रागावतो, आत जायला तयार होत नाही, बाप बाहेर येऊन त्याची पण समजूत काढतो. आणि मग तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही. ज्या घरात दोन भावंडं आहेत तिथे हा भाग वाचून बघा, मुलं केवढी बोलायला लागतात, "पण त्याचं बरोबरच होतं ना" असं म्हणणारी असतात आणि त्यावर रडकुंडीला येणारी पण.

आणि याच्याच जोडीला ते पानाच्या तळाशी चौकटीत छापलेलं तात्पर्य. "आईबाबांचं ऐकावं." "खोटं बोलू नये." "मिळूनमिसळून राहावं." मला हे अजिबात पटत नाही आणि संडे स्कूलला शिकवते म्हणून ठामपणे सांगते, तात्पर्य वाचून झालं की मूल प्रश्न विचारायचं थांबतं. येशूने दाखले सांगितले तेव्हा पुष्कळदा ऐकणाऱ्यांनाच विचारलं, चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीनंतर (जखमी वाटसरूला दोघं टाळून जातात, तिसरा, परका शोमरोनी, मदत करतो) सुद्धा त्याने शास्त्र्याला उलट प्रश्न केला की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. उत्तर त्या माणसाने दिलं. मग आपण मुलांच्या तोंडातलं उत्तर आधीच का छापून ठेवायचं?

नोहाचं पान सगळ्यात अवघड आहे आणि तिथे मी प्रकाशकांना थोडी सूट द्यायला तयार आहे. चित्रांत ते तारू म्हणजे एक गुबगुबीत होडी, वरून जिराफाच्या दोन माना बाहेर आलेल्या, सगळे प्राणी हसतायत. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची मापं दिलेली आहेत, लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात, तीन मजले, बाजूला दार. म्हणजे साधारण साडेचारशे फूट लांब, भलीमोठी लाकडी पेटीच जवळजवळ. पाच वर्षांच्या मुलीला फूट कळत नाहीत पण मी तिला सांगितलं की इथल्या बडोद्याच्या कमाटीबागेत तू एका टोकाला उभी राहिलीस आणि मी एवढ्या लांब गेले की तुला माझा चेहरा दिसणार नाही, तेवढं लांब, तर ती एकदम गप्प होऊन विचार करायला लागली. मोठं म्हणजे खरंच मोठं दाखवणारं चित्र हवं. आणि मग तिने विचारलं, "आत्या, पण बाकीची माणसं बुडाली?" हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. पुस्तकात नुसतं इंद्रधनुष्य आणि हसरी माकडं असतील तर वाचणाऱ्याला उत्तर देताना पुस्तकाचा काहीच आधार मिळत नाही. एका पुस्तकात पावसाच्या आधीच्या पानावर एकच वाक्य होतं, माणसं एकमेकांशी फार वाईट वागत होती आणि ते बघून देवाला मनापासून दुःख झालं. एवढंच. पण ते शास्त्रातलं आहे, सहाव्याच अध्यायात आहे, आणि त्या वाक्यामुळे मला तिला नीट सांगता आलं की हो गं, बुडाली, आणि देवाला त्याचं वाईट वाटलं होतं. ती थोडा वेळ माझ्या मांडीवर तशीच बसली, मग कबुतराचं पान काढ म्हणाली.

आता चित्रांबद्दल. बडोद्यात राहून चित्रांबद्दल बोलायचं नाही असं होत नाही, इथे १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, घरटी नाही तरी गल्लीत एखादा तरी तिथे शिकलेला सापडतोच. माझी एक मैत्रीण तिथली आहे, तिने एक सोपी युक्ती सांगितली, मजकुरावर कागद ठेवायचा आणि नुसती चित्रं दाखवून मुलाला विचारायचं इथे काय चाललंय. सांगता आलं तर चित्रकाराने काम केलंय. बऱ्याच पुस्तकांत सगळ्यांचे चेहरे एकाच साच्याचे असतात, गोल डोळे, सतत स्माइल, योसेफला भाऊ विहिरीत टाकतायत तरी स्माइल. भाचीने अशा एका चित्राकडे बघून सांगितलं की ते भाऊ त्याला अंघोळ घालतायत. पुस्तक परत ठेवलं.

चित्रात बारीक चुका पण खूप असतात आणि लोक म्हणतात जाऊ दे ना, पण चित्र मुलांच्या डोक्यात राहतं, शब्द विसरले तरी. दानीएल सिंहांच्या गुहेत दाखवतात तो विशीतला तरुण. खरं तर तो मुलगा असताना नबुखद्नेस्सरच्या काळात बाबेलला नेला गेला आणि सिंहांची गोष्ट दारयावेशच्या राज्यातली, मध्ये साठेक वर्षं गेलेली, म्हणजे तो ऐंशीच्या आसपासचा म्हातारा होता. पांढऱ्या दाढीचे आजोबा सिंहांमध्ये शांत बसलेत हे चित्र किती जबरदस्त होईल, विशेषतः ज्या मुलांचे आजोबा रोज संध्याकाळी प्रार्थना करतात त्यांच्यासाठी. एदेन बागेतलं फळ सफरचंदच असतं, शास्त्रात फळाचं नावच नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीनच असतात, मत्तयाने तीन भेटी सांगितल्यात, सोनं, ऊद आणि गंधरस, माणसं किती ते सांगितलं नाही, आणि ते गोठ्यात नाही तर घरात आले. (हे मागी लोकांचं मी लहान वयासाठी सोडून देते, आपण दरवर्षी गव्हाणीचा देखावा करतो त्यात मेंढपाळ, मागी सगळे एकत्रच ठेवतो, मुलांना ते ओळखीचं वाटतं.)

पण जक्कयचं झाड मात्र मी सोडत नाही. तो बुटका होता, गर्दीत येशू दिसेना म्हणून धावत पुढे जाऊन उंबरावर चढला. इंग्लिश पुस्तकांत ते झाड कुठल्यातरी थंड देशातलं काढलेलं असतं, पंजासारखी पानं, सरळसोट खोड. यरीहोकडचं ते झाड म्हणजे अंजिराच्या जातीचं, आपल्या उंबराचं सख्खं नात्यातलं, जाड बुंधा, खालपर्यंत पसरलेल्या फांद्या, खोडालाच लगडलेली फळं. बुटक्या माणसाला त्यावर चढता येतं ते याच्यामुळेच! आपल्याकडे उंबर बघितलेल्या मुलाला हे सांगायला लागत नाही, बरोबर झाड काढलं की झालं. तसंच पाच भाकरी आणि दोन माशांचं. योहानाच्या शुभवर्तमानात एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या असं स्पष्ट आहे, आणि चित्रात काय तर बेकरीतले फुगलेले लांबुळके पाव. भाकरी हा शब्द खाली छापलाय आणि वर पाव, मूल गोंधळणारच.

आणि येशूचा चेहरा. आमच्या आजीच्या घरी कॅलेंडरवर तोच चेहरा असायचा जो जगभर पोचलाय, १९४० मध्ये अमेरिकेत वॉर्नर सॉलमनने काढलेला, लांब तपकिरी केस, उजेडातला चेहरा, आणि आजीची त्याच्यासमोरची प्रार्थना खरीच होती, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण येशू गालीलातला यहुदी होता, सुताराच्या घरात वाढलेला, उन्हात मैलोन्‌मैल पायी फिरणारा. पाच वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा बघितलेला येशू निळ्या डोळ्यांचा आणि सोनेरी केसांचा असेल तर तो तिला कायम परक्या देशातला पाहुणा वाटतो. आपल्याकडे चित्रकारांनी हे फार पूर्वी केलेलं आहे. अकबरासाठी जेरोम झेवियर या पाद्र्याने फारसीत लिहिलेलं येशूचं चरित्र १६०२ मध्ये पूर्ण झालं, त्याला मुघल चित्रकारांनी चित्रं काढली. आणि गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेला आंजेलो द फोन्सेका, शांतिनिकेतनात शिकला, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने मरीया साडीतली काढली, कुणाही मराठी घरातली बाई वाटावी अशी. लोकांनी त्या काळी नाकं मुरडली पण त्याने काढायचं सोडलं नाही. मला भाचीच्या पुस्तकात मरीया साडीतच हवी असं नाही, नासरेथची मरीया नासरेथची दिसली तरी मी खूश, पण फिकट गुलाबी बाहुली नको.

वधस्तंभाच्या पानावरून माझ्यात आणि भावात बरीच चर्चा झाली. तो म्हणाला, "ताई, एवढीशी आहे ती, हे पान आत्ताच कशाला?" त्याचं बरोबर आहे, रक्त, खिळे, जवळून दाखवलेलं असलं काही मी पण दाखवणार नाही. पण काही पुस्तकांत शेवटच्या भोजनानंतर एकदम रिकामी कबर आणि फुलं. मग येशू कबरेत कसा गेला? मूल विचारणारच. एका पुस्तकात मला हे फार चांगलं केलेलं दिसलं, लांबून दिसणारी टेकडी, तीन वधस्तंभ, आभाळ काळवंडलेलं, आणि पुढे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बायका. मार्काने लिहिलंय तसंच, बायका दुरून बघत होत्या. भीतीदायक काही नाही पण दुःख आहे, आणि ते रडणाऱ्या बायकांच्या जागेवरून दिसतं. पान उलटलं की बागेत मग्दालीया मरीया, तिला येशू आधी माळी वाटतो, तो तिला नावाने हाक मारतो. चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी मरीया आहे. भावाला पान दाखवलं तेव्हा तो म्हणाला हे चालेल.

बायकांवरून आठवलं, अनुक्रमणिका नुसती चाळा. नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, दानीएल, योना. रूथ आणि एस्तेर असल्या तर असतात, दबोरा क्वचित, आणि हन्ना तर फक्त शमुवेलची आई म्हणून एका ओळीत. हन्ना मुलाला देवाच्या घरी ठेवून येते आणि मग दरवर्षी त्याच्यासाठी छोटा झगा शिवून नेते, शास्त्रात आहे हे, पहिल्या शमुवेलात दुसऱ्या अध्यायात. दरवर्षी झगा थोडा मोठा. एवढं सुंदर चित्र होण्यासारखं असताना कुणी काढलेलं मला तरी सापडलं नाही. मुलीसाठी पुस्तक घेताय तर हे बघाच, आणि मुलासाठी घेताय तरी बघा.

भाषा हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले. घरी मराठी, चर्चमध्ये उपासना गुजरातीत, शाळा इंग्लिश मीडियम. त्यामुळे भाचीसाठी एकाच माणसाची तीन नावं होतात, घरी आजीचा मोशे, संडे स्कूलमध्ये मूसा, शाळेत मोझेस, आणि ती तिघं वेगवेगळी माणसं समजते. इंग्लिश पुस्तकांची छपाई छान, चित्रं पुष्कळ, पण माझी आई वाचून दाखवणार, आणि आईच्या तोंडी येणारी नावं पवित्र शास्त्रातलीच. म्हणून मी मराठीच घ्यायचं ठरवलं, छपाई थोडी डावी असली तरी.

मराठीत पण दोन पानं मोठ्याने वाचून बघा, दुकानात लाज वाटली तरी. "तदनंतर त्याने त्यांस आज्ञा केली" असलं मुलांना वाचून दाखवता येत नाही, श्वासच पुरत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं ते याचसाठी, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, शेवटपर्यंत त्यावर काम केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. मराठीत मुलांसाठी लिहिणं पण आपल्या लोकांना नवीन नाही, 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७२ मध्ये सुरू झालं होतं आणि रेव्हरंड टिळकांना लोक फुलामुलांचे कवी म्हणायचे. एवढं सगळं मागे असताना आज बाजारात मिळणारी बरीचशी मराठी पुस्तकं इंग्लिशवरून घाईघाईत उतरवलेली वाटतात, चित्र बाहेरचं, वाक्य पण बाहेरचं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वयाचं थोडक्यात. तीनच्या आत असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं घ्या, कारण ते तोंडातच जाणार, आणि पानावर एक वाक्य पुरे. चार ते सातला एका गोष्टीला दोनतीन पानं, अक्षर मोठं, जोडाक्षरं मोकळी छापलेली. बोलणारे उंदीर आणि गाढवं गोष्ट सांगतायत अशी पुस्तकं मी टाळते, मुलं नंतर विचारतात की उंदीर पण बायबलमध्ये होता का. शिवणीची बांधणी बघा, नुसती चिकटवलेली पानं महिन्याभरात हातात येतात.

शेवटी घेतलं ते एक मध्यम जाडीचं मराठी पुस्तक. येशू सावळा आहे, दाढी विस्कटलेली, पायात धूळ. योनाचा चौथा अध्याय अर्ध्या पानात का होईना पण आहे, थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे, टेकडीचं पान आहे. सफरचंद आहे, मागी तीनच आहेत. हन्ना नाही, म्हणून मी एका कोऱ्या कागदावर ती गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून शमुवेलच्या पानाला आत चिकटवलीय, झग्यांची चित्रं भाची स्वतः काढणार आहे, लहानापासून मोठ्यापर्यंत, रंग तिने ठरवलेत. आठनऊ वर्षांची झाली की गोष्टींचं पुस्तक बाजूला ठेवून सरळ मार्कचं शुभवर्तमान द्यायचं असं आईने आत्ताच सांगून ठेवलंय, सोळाच अध्याय आहेत, मोठ्या टाइपातलं घ्यायचं आणि रोज थोडं थोडं तिलाच वाचायला लावायचं.